एकच डोंगररांग, दोन देश: कोल्लिओ-ब्रदा परिसरातील सीमा, जेवण आणि वाईन

इटलीतील वाईनविषयी आपल्याकडे जे काही वाचायला मिळते ते बहुधा तोस्काना किंवा पिएमोन्ते या प्रांतांपाशी येऊन थांबते, आणि स्लोव्हेनिया तर सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात ब्लेडच्या तळ्यापुरताच उरतो. या दोन देशांच्या सीमेवर, आल्प्सच्या पायथ्याशी, टेकड्यांचा एक लहानसा पट्टा आहे. इटलीच्या बाजूला त्याला कोल्लिओ म्हणतात आणि स्लोव्हेनियाच्या बाजूला गोरिश्का ब्रदा, किंवा नुसतेच ब्रदा. कामानिमित्त मी काही वर्षे जवळच्या त्रिएस्त या इटालियन बंदरात राहत असल्यामुळे या भागात वारंवार जाणे होते. या दोहोंपैकी एकच बाजू पाहून परतणाऱ्याला हा मुलूख अर्धाच कळतो, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि ते सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय इथल्या ताटात गुलाश (मांसाचा रस्सा), पोलेंटा (मक्याच्या पिठाची उकड) आणि आंबवलेली कोबी शेजारी शेजारी का असतात याचा उलगडा होत नाही. या टेकड्यांलगतचे गोरित्सिया शहर आणि त्याभोवतीचा प्रदेश १५०० साली ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे गेला आणि मधले काही अल्प खंड वगळता १९१८ पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. शहरात फ्रिउलियन, स्लोव्हेन, इटालियन आणि जर्मन अशा चार भाषा चालत. पहिल्या महायुद्धात १९१५ ते १९१७ या काळात सोचा नदीच्या काठी, जिला इटालियन लोक इझोन्झो म्हणतात, बारा लढाया झाल्या आणि आज ज्या टेकड्यांवर नीटनेटक्या द्राक्षबागा दिसतात त्यांपैकी कित्येक तेव्हा तोफखान्याने उखडून गेल्या होत्या. १९२० च्या रापाल्लो कराराने सारा प्रदेश इटलीला मिळाला. पुढे फॅसिस्ट राजवटीने स्लोव्हेन शाळा बंद पाडल्या आणि लोकांची आडनावेसुद्धा इटालियन वळणाची करून टाकली. १९४३ मध्ये जर्मन आले, मे १९४५ मध्ये युगोस्लाव्ह सैन्य आले, त्यानंतर दोन वर्षे ब्रिटिश-अमेरिकन लष्करी प्रशासन होते, आणि १५ सप्टेंबर १९४७ रोजी आजची सीमा प्रत्यक्षात आली.

ती सीमा आखणाऱ्यांनी शेताचे बांध पाहिले नाहीत. कोणाचे घर इटलीत राहिले आणि गोठा युगोस्लाव्हियात गेला. कोणाची द्राक्षबाग मधोमध कापली गेली. मीरेन गावच्या दफनभूमीतून सीमारेषा गेली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तशीच होती. गोरित्सियातील ज्यू समाजाचे प्रार्थनामंदिर इटलीत राहिले आणि त्यांची जुनी दफनभूमी रोझ्ना दोलिना येथे सीमेपलीकडे गेली. गोरित्सिया शहर इटलीकडे आले, पण १९०६ साली सुरू झालेल्या लोहमार्गाचे भव्य स्थानक युगोस्लाव्हियाच्या वाट्याला गेले. शहर हातचे गेल्यामुळे युगोस्लाव्हियाने १९४८ पासून मोकळ्या रानात नवे शहर उभारायला घेतले. तेच नोव्हा गोरित्सा. त्याचा आराखडा वास्तुरचनाकार एद्वार्द राव्निकार यांनी केला.

लोकांनी ही सीमा मुकाट्याने मान्य केली नाही. १३ ऑगस्ट १९५० रोजी, रविवारी, नातलगांना भेटू द्यावे म्हणून युगोस्लाव्ह बाजूचे हजारो लोक नाक्यावर जमले आणि पहारा ओलांडून थेट गोरित्सियात शिरले. रविवार असूनही तिथल्या दुकानदारांनी दुकाने उघडली. युगोस्लाव्हियात ज्या वस्तूंचा तुटवडा होता त्या लोकांनी खरेदी केल्या, त्यात सर्वांत जास्त खपले ते झाडू, आणि संध्याकाळी ही मंडळी खांद्यावर झाडू घेऊन परतली. हा दिवस आजही ‘झाडूंचा रविवार’ म्हणून ओळखला जातो. १९५५ च्या उदिने करारानंतर सीमेलगतच्या रहिवाशांना विशेष पासावर ये-जा करता येऊ लागली. पुढे १९७५ मध्ये इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्यात ओसिमो करार झाला. ब्रदातील लोकांना नोव्हा गोरित्साला येण्यासाठी फार मोठा वळसा पडत असे, म्हणून या करारानुसार १९८५ मध्ये जो रस्ता खुला झाला त्याचा सुमारे दीड किलोमीटरचा तुकडा इटलीच्या भूमीतून जातो. दोन्ही बाजूंना उंच कुंपण घालून बांधलेल्या त्या तुकड्यावर इटलीत उतरण्याची सोयच ठेवलेली नव्हती. स्लोव्हेनिया २००४ मध्ये युरोपीय संघात आणि २१ डिसेंबर २००७ रोजी सीमेवर तपासणी नसलेल्या शेंगेन क्षेत्रात आला, तेव्हा कुठे हा अध्याय संपला. २०२५ मध्ये नोव्हा गोरित्सा आणि गोरित्सिया या दोन्ही शहरांनी मिळून ‘युरोपची सांस्कृतिक राजधानी’ हा मान भूषवला.

आता वाईनकडे वळतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना माती एकच आहे. चिकणदगड आणि वालुकाश्म यांचे पातळ थर एकावर एक रचल्यासारखा हा दगड इटलीकडे पोंका आणि स्लोव्हेनियाकडे ओपोका या नावाने ओळखला जातो. बागेच्या कडेला पडलेला त्याचा राखाडी-पिवळसर तुकडा उचलून बोटांनी दाबला तर त्याच्या कपच्या सुटतात, आणि एक-दोन पावसाळे खाल्लेला तुकडा हातातच भुगा होतो. पाणी त्यातून निथळते, तरी वेलीच्या खोल मुळांना ओल मिळत राहते. उत्तरेचे थंड वारे आल्प्समुळे अडतात, दक्षिणेकडून समुद्राची ऊब येते, आणि टेकड्यांच्या पायऱ्यांवर रिबोल्ला जाल्ला हे इथले अस्सल पांढरे द्राक्ष पिकते. ब्रदात त्यालाच रेबुला म्हणतात. त्याच्याबरोबर फ्रिउलानो, माल्वाझिया आणि एकोणिसाव्या शतकात फ्रान्सहून आलेली सोव्हिन्यों, पिनो, मेर्लो ही द्राक्षेही आहेत.

माती आणि द्राक्ष एक असूनही १९४७ नंतरची पन्नास वर्षे दोन बाजूंच्या वाईन वेगळ्या झाल्या, आणि ते घडवले राज्यव्यवस्थेने. ब्रदातील बहुतेक शेतकरी तोवर जमीनदारांची कुळे होती. युद्धानंतरच्या जमीन सुधारणेत त्यांना जमिनी मिळाल्या, आणि १९५७ मध्ये दोब्रोवो येथे मोठी सहकारी वाईनरी निघाली. द्राक्षे तिथे घालायची, वजनावर पैसे घ्यायचे, असा व्यवहार रूढ झाला. इटलीकडे कोल्लिओला १९६८ मध्ये नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा मिळाला आणि मारियो स्किओपेत्तो यांच्यासारख्या उत्पादकांनी थंड तापमानात रस आंबवून स्वच्छ, ताज्या चवीच्या पांढऱ्या वाईनचा पायंडा पाडला, ज्याची पुढे साऱ्या इटलीत नक्कल झाली. स्वतःच्या नावाची बाटली काढणारा शेतकरी इटलीत पूर्वीच तयार झाला, तर ब्रदात तो मुख्यतः १९९१ च्या स्वातंत्र्यानंतर दिसू लागला. म्हणूनच एकाच टेकडीवरची रेबुला दोन्हीकडची शेजारी ठेवून चाखावी, असा माझा आग्रह आहे. गेल्या दोन-तीन दशकांत हे अंतर किती मिटले आहे ते घोटाघोटाला जाणवते.

जेवणाविषयी एवढेच सांगतो की इथला स्वयंपाक मूळचा गरिबांचा आहे आणि त्याची गोडी हिवाळ्यात कळते. योता हे राजमा, बटाटा आणि आंबवलेली कोबी किंवा सलगम यांचे घट्ट सूप घरोघरी होते. इटलीकडच्या फ्रिउली प्रांतात ब्रोव्हादा नावाचा पदार्थ करतात, आणि मला तो या मुलुखाचा सर्वांत बोलका पदार्थ वाटतो: वाईनसाठी द्राक्षे पिळून उरलेल्या चोथ्यात पांढरे सलगम महिनाभर मुरवायचे, मग सोलून, किसून मंद आचेवर शिजवायचे. द्राक्षाचा आंबटपणा सलगमात उतरतो आणि त्याला फिकट गुलाबी छटा येते. वाईन झाल्यावर राहिलेला चोथासुद्धा येथे वाया जात नाही.

प्रतिसाद – तिखटमीठ

लेख अतिशय माहितीपूर्ण आहे. आम्ही उभयता पुढील वर्षी व्हिएन्नाहून व्हेनिसला जाणार आहोत आणि वाटेत हा भाग करण्याची इच्छा आता निर्माण झाली आहे. मात्र आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, अंडीही केवळ यजमान खातात. वर्णन केलेल्या पदार्थांपैकी आम्हाला काय चालेल? सीमाभागातील खेड्यांत शाकाहार ही कल्पना समजते का?

धागाकर्ता

समजते, पण विचारून घ्यावे लागते. योता दिसायला शाकाहारी वाटते, परंतु बहुतेक ठिकाणी त्यात धुरावलेले डुकराचे मांस शिजवलेले असते. ब्रोव्हादाही अनेकदा चरबीत परततात आणि डुकराच्या मांसाच्या सॉसेजबरोबर वाढतात, तेव्हा तो साधा मिळेल का हे आधीच विचारावे.

तुमच्यासाठी पहिला पदार्थ फ्रीको. जाड किसलेला बटाटा आणि कांदा परतून त्यात मोन्तासिओ चीजचे कोवळे आणि मुरलेले असे दोन्ही प्रकार घालतात आणि जाड तव्यावर मंद आचेवर ठेवतात. चीज वितळून कडेला तूप सुटू लागले आणि खालची बाजू तांबूस कुरकुरीत झाली की ताटली पालथी घालून थालीपिठासारखे उलटायचे आणि दुसरी बाजू भाजायची. काही ठिकाणी त्यातही खारवलेले मांस घालतात, त्यामुळे साधा फ्रीको मागावा. मोन्तासिओ चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, बनते हे आपल्याकडील कडक शाकाहारींनी लक्षात घ्यावे, ते चालणार नसेल तर हा पदार्थ वर्ज्य होतो.

गोरित्सियात बटाट्याच्या पिठाचे उकडलेले गोळे मिळतात, ज्यांच्या पोटात बी काढून साखर भरलेले आलुबुखार असते. वर लोण्यात परतलेला पावाचा चुरा आणि दालचिनी घालतात. हे पहिल्या पदार्थाच्या जागीही वाढतात आणि शेवटी गोड म्हणूनही खातात. पिठात अंडे असू शकते, तेवढे विचारावे. अंडी चालत असतील तर वसंत ऋतूत ब्रदामधील फ्रताल्या चुकवू नये. हे कोवळ्या रानभाज्या आणि सुवासिक पाने घालून केलेले जाड धिरडे असते.

हिवाळ्यात गेलात तर ‘रोझा दी गोरित्सिया’ मागावा. हा लाल चिकोरीचा प्रकार गुलाबाच्या फुलासारखा दिसतो. गोठवणारी थंडी पडल्यावर मुळासकट उपटून उबदार अंधारात ठेवतात, बाहेरची खराब पाने काढून टाकली की आतून तो गुलाब निघतो. राजम्याबरोबर त्याची कोशिंबीर उत्तम होते.

प्रतिसाद – निफाडचा मळेकरी

मी स्वतः द्राक्षबागाईतदार आहे, त्यामुळे लेख दोनदा वाचला. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होतात, वेलीला विश्रांती अशी मिळतच नाही. तिकडे एकच छाटणी असावी असा अंदाज आहे. दुसरे असे की, पायथ्याला समुद्राची ऊब आणि डोक्यावर आल्प्स म्हटल्यावर गारपीट होत असणार. आम्ही २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट अजून विसरलेलो नाही. ते लोक यावर काय करतात? आणि सहकारी वाईनरीचे दर शेतकऱ्याला परवडतात का?

धागाकर्ता

अंदाज बरोबर आहे. हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपी जाते, तेव्हा एकदाच छाटणी होते. काढणी साधारण सप्टेंबरमध्ये होते. रिबोल्ला उशिरा पिकते आणि काही उत्पादक तिला ऑक्टोबरपर्यंत वेलीवर ठेवतात. एक द्राक्ष तुम्हाला विशेष वाटेल. पिकोलित नावाच्या वेलीची फुले नीट फळत नाहीत, एका घडात मोजकेच मणी धरतात, आणि त्या मोजक्या मण्यांत साखर साठून त्यापासून गोड, महागडी वाईन होते. बागाईतदाराच्या दृष्टीने जो दोष आहे, त्याचीच तिथे किंमत होते.

गारपिटीचा प्रश्न तुम्ही काढलात हे फार चांगले झाले, कारण या भागाची जगभर झालेली आजची ओळख एका गारपिटीशी जोडलेली आहे. गोरित्सियाला लागून ओस्लाव्हिया नावाचे गाव आहे, पहिल्या महायुद्धात ते पार उद्ध्वस्त झाले होते. तेथील योश्को ग्राव्नर हे १९८० च्या दशकात इटलीतील आघाडीचे आधुनिक वाईन उत्पादक गणले जात. पोलादी टाक्या, लहान फ्रेंच पिंपे, सारे त्यांनी अंगीकारले होते. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाला जाऊन तिथली यंत्रवत वाईननिर्मिती पाहिल्यावर त्यांचे मन या मार्गावरून उडू लागले. १९९६ मध्ये गारांनी त्यांची रिबोल्लाची जवळजवळ सगळी फळे झोडपून काढली. जी थोडी वाचली त्यांवर त्यांनी जुनी पद्धत करून पाहिली. पांढऱ्या वाईनसाठी एरवी द्राक्षे लगेच दाबून फक्त रस आंबवतात. त्यांनी रस, साल आणि बिया एकत्रच आंबू दिल्या. शेजारचे स्तान्को रादिकोन १९९५ पासून हाच प्रयोग करत होते, आणि त्यामागे आजोबांच्या काळापासूनची घरची रीत होती. ग्राव्नर पुढे २००० मध्ये जॉर्जिया देशात गेले, तिथले जमिनीत पुरलेले मातीचे मोठे रांजण पाहिले, आणि २००१ च्या हंगामापासून त्याच रांजणांत वाईन करू लागले. त्यांची रिबोल्ला कित्येक वर्षे मुरल्यावरच बाजारात येते.

या वाईनचा रंग मधासारखा, कधी तांब्याकडे झुकणारा असतो. पहिल्या घोटाला जिभेच्या कडांवर चहासारखा तुरटपणा पकडतो, मग सुकलेल्या जर्दाळूचा आणि संत्र्याच्या सालीचा वास वर येतो. २००४ मध्ये डेव्हिड हार्वी या ब्रिटिश वाईन व्यापाऱ्याने या प्रकाराला ‘ऑरेंज वाईन’ म्हटले आणि ते नाव जगभर रूढ झाले. ती फार थंड करून पिऊ नये, नुसता तुरटपणा जाणवेल.

सहकारी वाईनरीच्या दरांविषयी शेतकरी सर्वत्र जे बोलतात तेच इथेही बोलतात. माझ्या मते दोब्रोवोच्या संस्थेमुळे लहान शेतकऱ्यांच्या बागा टिकल्या हे नाकारता येणार नाही, आणि टेकडीवरची बाग एकदा पडीक झाली की पायऱ्यांचे बांध ढासळायला वेळ लागत नाही.

प्रतिसाद – सागरसंख्या

मी त्रिएस्तमधील आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्रात काही महिने होते. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या या केंद्रात भारतातून, आणि अर्थात पुण्या-मुंबईतूनही, संशोधक नेहमी येत असतात, म्हणून त्यांच्यासाठी एक भर घालते. त्रिएस्तच्या माथ्यावरील कार्स्त पठारावर ‘ओस्मित्सा’ जरूर पाहावी. सम्राट दुसरा योसेफ याने १७८४ मध्ये शेतकऱ्यांना वर्षातील ठरावीक दिवस आपलीच वाईन व घरचे पदार्थ घरी विकण्याची मुभा दिली, ती प्रथा अजून चालू आहे. चौकात आणि फाट्यांवर आयव्हीच्या वेलीची डहाळी टांगलेली असते आणि तिच्याखालचा लाल बाण दाखवील त्या रस्त्याने जायचे. डहाळी नसेल तर घर बंद आहे असे समजावे. अंगणात लाकडी बाकांवर बसून उकडलेली अंडी, घरचे चीज, लोणची आणि लोहयुक्त लाल मातीतील तेरान ही आंबटसर लाल वाईन मिळते. तेथील ‘बोरा’ हा ईशान्येचा वारा इतका जोराचा असतो की त्रिएस्तच्या काही चढांवर पादचाऱ्यांसाठी दोर बांधत असत, आणि त्याच कोरड्या वाऱ्यावर पठारावरील खारवलेले हॅम वाळते.

प्रतिसाद – मनोवैद्य

संस्कृतीविषयी एक मुद्दा राहिला आहे. गोरित्सियाचे मनोरुग्णालय सीमेला अगदी लागून होते, आणि १९६१ मध्ये फ्रांको बासाल्या तिथे संचालक म्हणून आले. रुग्णांना बांधून ठेवणे त्यांनी बंद केले, वॉर्डांची दारे उघडली, आणि रुग्ण, परिचारक, डॉक्टर अशा सर्वांच्या एकत्र सभा सुरू केल्या. तिथून सुरू झालेल्या चळवळीतून १९७८ चा १८० क्रमांकाचा कायदा झाला, ज्याने इटलीतील मनोरुग्णालये बंद करण्याची दिशा ठरवली. आमच्या क्षेत्रातील व्यक्तीने गोरित्सियाला जाऊन तो परिसर न पाहता परतू नये.

प्रतिसाद – उत्तरायण

लेख चांगला आहे, तरी एका गोष्टीला माझी हरकत आहे. ‘एकच डोंगररांग, दोन देश’ या मांडणीत सीमा म्हणजे बाहेरून आलेली आपत्ती आणि माणसे मूळची एकच, असा सूर लागतो. फॅसिस्ट काळात स्लोव्हेन भाषकांवर झालेला अन्याय आपण एका वाक्यात सांगितला आणि मे १९४५ मधील युगोस्लाव्ह ताब्याविषयी तर काहीच सांगितले नाही. त्या सुमारे चाळीस दिवसांत गोरित्सियातून शेकडो लोक पकडून नेण्यात आले आणि त्यांपैकी बहुतेक परतले नाहीत. वाईनच्या चवीने या गोष्टी झाकल्या जाऊ नयेत.

धागाकर्ता

ही भर आवश्यक होती आणि ती आपण केलीत याबद्दल आभारी आहे. त्या आठवणी दोन्ही भाषकांच्या घरांत आजही वेगवेगळ्या आहेत, आणि त्यांची वेगवेगळी स्मारकेही आहेत. १९२० मध्ये त्रिएस्तमधील स्लोव्हेन समाजाचे ‘नारोदनी दोम’ हे केंद्र जाळण्यात आले, आणि ते त्या समाजाला परत देण्याचा निर्णय झाला तो बरोबर १०० वर्षांनी, २०२० मध्ये. माझा दावा मर्यादित आहे: जमीन, वेल आणि चूल यांच्या पातळीवर हा प्रदेश एक आहे. ओस्लाव्हियाची ग्राव्नर आणि रादिकोन ही घराणी इटालियन नागरिकांची असून स्लोव्हेन भाषक आहेत, त्यामुळे ‘इटालियन ऑरेंज वाईन’ हे शब्दसुद्धा इथे जपून वापरावे लागतात. ओस्लाव्हियात १९३८ मध्ये बांधलेले सैनिकांचे अस्थिस्मारक आहे आणि ५७ हजारांच्या आसपास सैनिकांचे अवशेष तिथे ठेवलेले आहेत. चाखायला जाण्याआधी ते पाहावे, असे मी सोबत येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

प्रतिसाद – तिखटमीठ

शाकाहाराविषयी सविस्तर उत्तर दिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. आता शेवटची विचारणा: दोन दिवस हाताशी असतील तर मुक्काम कुठे करावा आणि स्वतःची गाडी नसेल तर जमेल का?

धागाकर्ता

मुक्काम गोरित्सियात करावा. त्रिएस्तहून रेल्वेने तासाभरात पोहोचता येते. पहिल्या दिवशी सकाळी किल्ला पाहून पायीच नोव्हा गोरित्साच्या स्थानकापुढील चौकात जावे. सीमा चौकाच्या मधून जाते आणि २००४ पर्यंत तिथे कुंपण होते. तिथून कोस्तान्येवित्साच्या मठात जावे, जिथे फ्रान्सचा पदच्युत राजा दहावा चार्ल्स पुरलेला आहे. १८३६ मध्ये तो गोरित्सियातच वारला. संध्याकाळी ओस्लाव्हियाला टॅक्सीने जाता येईल, मात्र तिथले उत्पादक छोटे आहेत, आधी कळवल्याशिवाय कोणीही दार उघडत नाही.

दुसरा दिवस पूर्ण ब्रदासाठी ठेवावा आणि त्यासाठी गाडी चालकासह ठरवावी, कारण बस मोजक्या आहेत आणि वाईन चाखून गाडी चालवणे योग्य नाही. श्मार्त्नो हे तटबंदीचे गाव आणि दोब्रोवोचा वाडा एका दिवसात आरामात होतात. जूनच्या सुरुवातीला गेलात तर ब्रदाच्या चेरी मिळतील. शेंगेन असूनही पासपोर्ट जवळ बाळगावा, कारण ऑक्टोबर २०२३ पासून इटलीने या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे.